बरा न झालेल्याला तुमची शिकवण काय सांगते?

सर्वांना जय ख्रिस्त. पोस्ट लांब आहे आणि काहींना आवडणार नाही.

चंगाई सभेचं, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेचं, पोस्टर लागलं की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "प्रभू आजही बरं करतो, शंका घेणारे अविश्वासू." दुसऱ्याचं, "सगळं ढोंग आहे." प्रभू बरं करतो हे मीही मानतो. आजाऱ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करतो. म्हणूनच या विषयावर चमत्कार मानणाऱ्यांनी बोलायला हवं असं मला वाटतं. न मानणाऱ्यांचं कुणी ऐकून घेत नाही.

खोटी शिकवण ओळखायला आपण स्टेजकडे बघत बसतो. साक्ष देणारी बाई खरंच आजारी होती का, रिपोर्ट कुठे आहेत, वगैरे. पण बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात मोशे सांगतो की संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं तरी तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे चमत्कार घडला, एवढ्यावर शास्त्र कुणाला खरं ठरवत नाही. मग आपण का ठरवतो? माझं मत असं की बघायचं ते सभेतून जसाच्या तसा घरी परतलेल्या माणसाकडे. ती शिकवण त्याला काय सांगते?

बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "तुझा विश्वास कमी पडला." किंवा, "घरात काहीतरी पाप आहे." आधीच कॅन्सर, त्यात आता हे ओझं. बरा झाला तर श्रेय सभा घेणाऱ्या सेवकाला, नाही झाला तर दोष आजाऱ्याला. या हिशेबात सेवक कधीच चुकत नाही, आणि मला खटकतं ते नेमकं हेच.

नव्या करारातले आजारी आठवा, प्रेषित पौल आणि त्याचे सोबती. त्रफिमाला पौल मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. एपफ्रदीत मरणाच्या दारात पोहोचला होता. खुद्द पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. तीमथ्याचं तर बघाच. इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, असं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं. पुढे त्याच इफिसात राहणाऱ्या तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, तेव्हा पौलाने रुमाल पाठवला नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. (अभिषेकाचे रुमाल विकणाऱ्यांनी 1 तीमथ्य 5:23 एकदा सावकाश वाचावं.) यांपैकी एकालाही "तुझा विश्वास कमी आहे" असं कुणी म्हणालेलं नाही.

विश्वासाने तोंडाने म्हटलं की आरोग्य आणि पैसा मिळतोच, ही "बोला आणि मिळवा" शिकवण आली कुठून? बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिलं. आपण निदान एवढं तरी विचारावं. तिची मुळं विसाव्या शतकातल्या अमेरिकेत सापडतात. ई. डब्ल्यू. केनयन यांनी मांडलेले विचार प्रचारक केनेथ हेगिन यांनी पसरवले, 1974 मध्ये ओक्लाहोमात बायबल प्रशिक्षण केंद्र काढलं, आणि तिथून ते जगभर गेले. तिथलेच टीव्ही प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या दुसऱ्या वचनाला आपल्या शिकवणीत मोठी जागा दिली. ते वचन म्हणजे गायसाला लिहिलेल्या पत्राची सुरुवात आहे: तुझं सगळं कुशल असो, प्रकृती ठीक असो. आपणही पत्र असंच सुरू करायचो. त्या क्षेमकुशलाचं समृद्धीचं वचन झालं.

पुढे हे कुठवर जातं त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या इंडियानातले पास्टर होबार्ट फ्रीमन यांचं. माणूस अडाणी नव्हता, सेमिनरीत, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या कॉलेजात, हिब्रू आणि जुना करार शिकवायचा. त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) औषध घेणं म्हणजे अविश्वास मानला जाई. 1983 च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्राने मृतांचा माग काढला तेव्हा उपचारांविना गेलेल्यांची डझनावारी नावं पुढे आली, त्यात बाळं आणि बाळंतिणी कितीतरी. 1984 मध्ये फ्रीमन स्वतःही उपचार न घेता गेले. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा एक पाय अधू होता. तो पाय घेऊन ते आयुष्यभर स्टेजवर उभे राहिले, आणि समोरच्यांनी प्रश्न विचारला नाही.

आता आपल्या घरातलं. पंडिता रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, केडगावात मुक्ती मिशन उभं केलं, 1905 चं संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, तिथेच झालं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या आणि 1922 मध्ये त्याही गेल्या. पुस्तक 1924 मध्ये छापून आलं. आजच्या समृद्धीवाल्या प्रचारकाला ही बाई समजावून सांगता येणार नाही. साक्षीला तिला स्टेजवर बोलवतील का, शंकाच आहे.

पैशाचं थोडक्यात. "बी पेरा, शंभरपट घ्या" म्हणत दान मागणाऱ्याकडे हिशेब मागा. 1987 मध्ये रॉबर्ट्स यांनी 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल असं टीव्हीवर सांगितलं होतं. उलट पौल यरुशलेमसाठी वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात आहे. पौलाला हिशेबाला साक्षीदार लागत होता, मग आपल्या पास्टरांना राग का यावा?

"पण बाहेरचे टपून बसलेत, घरातलं बाहेर कशाला?" हे मला नेहमी ऐकवलं जातं. भीती खोटी नाही. आज आपल्या साध्या प्रार्थना सभेवरही संशय घेतला जातो. पण इन्सुलिन बंद करायला सांगणारा माणूस आपण झाकला तर त्या संशयाला आपणच पुरावा देतो. पौलाने प्रेषित पेत्रालाही सर्वांदेखत सुनावलं होतं. जे माइकवरून शिकवलं जातं त्याचं उत्तरही उघडच द्यावं लागतं, नाव घेऊन चिखलफेक न करता, शिकवणीवर बोट ठेवून. चुकून अर्धवट शिकवणाऱ्याची गोष्ट वेगळी. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अशाच अर्धवट शिकवणाऱ्या अपुल्लोला सभास्थानात खाली पाडलं नाही, आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. त्याच्यासारखे तरुण पास्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत. यूट्यूबवर ऐकतात आणि रविवारी तेच सांगतात.

आणि आपले लोक तिकडे का जातात, हेही बोलूया. आपल्या जुन्या मंडळ्यांत कमिटीच्या निवडणुका आणि प्रॉपर्टीच्या केसेस यांतून आजाऱ्याच्या घरी जायला कुणाला सवड नसते. तिकडे निदान कुणीतरी डोक्यावर हात ठेवतं, नाव विचारतं.

तेव्हा ओळखीतल्या कुणी सभेनंतर गोळ्या बंद केल्या असतील तर वचनांचा वाद घालायला जाऊ नका. आधी घरी जा, प्रार्थना करा, आणि रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे न्या. ओपीडीच्या रांगेत भरपूर वेळ असतो, त्रफिमाची गोष्ट तिथे सांगता येईल.