आज काहीच कव्हर करायचं नाही

इटलीचे फोटो टाकल्यापासून प्रत्येकाचा एकच प्रश्न. "पिसा नाही केलं?" नाही केलं. व्हेनिसही नाही. आणि आठ दिवसांतला मला सगळ्यात जास्त आठवतो तो दिवस, ज्या दिवशी आमची गाडी जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर फिरली असेल.

टस्कनीत, सिएनाच्या दक्षिणेला व्हाल दॉर्चा नावाचं खोरं आहे. तिथे पियेन्झाजवळ एका शेतघरात आम्ही सहा जण राहिलो होतो. त्या दिवशीच्या एक्सेलमध्ये फ्लॉरेन्स होतं, जाऊन-येऊन चार तास. आदल्या रात्री एका मैत्रिणीने जाहीर केलं, "तुम्ही जा, मी अंगणात बसणारे." आमचा एक्सेलवाला भडकलाच. "एवढा व्हिसा, एवढी तिकिटं, आणि बसायला आलोय का?" शेवटी मतदान. चार विरुद्ध दोन. (मतदान मॅनेज झालं होतं, असं तो अजूनही म्हणतो.)

सकाळी नऊला उठलो. टस्कनीतल्या पावात मीठ नसतं. पहिल्या दिवशी वाटलं, बेकरीवाला विसरला. पण तो खारट चीज आणि खारवलेल्या मांसाबरोबर खायचा, म्हणून अळणी. आम्ही त्यावर ऑलिव्ह तेल ओतलं आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. फक्कड लागलं.

मग नुसते बसलो. सप्टेंबर होता, त्यामुळे फोटोतल्या हिरव्यागार टेकड्या वगैरे काही नाही. गहू कधीच निघालेला, नांगरलेली करडी ढेकळं आणि कडेला सरूची झाडं. मला तरी हेच आवडलं. घराच्या भिंती दगडी, हातभर जाड. मालकीणबाईंनी सांगितलं, तुम्ही झोपता ती खालची खोली म्हणजे जुना गोठा. माणसं वर राहायची. ही घरं अर्धेलीने कसणाऱ्यांची. पीक निम्मं मालकाचं, निम्मं कुळाचं. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले, पण त्याआधीपासूनच माणसं शहरांकडे निघाली होती. ओस पडलेल्या शेतांवर सार्डिनियाचे धनगर मेंढ्या घेऊन आले. पियेन्झाचं ज्याच्यासाठी नाव घेतात ते पेकोरीनो चीज आज बऱ्याच अंशी त्यांच्याच जिवावर आहे. फ्लॉरेन्सला पळालो असतो तर हे ऐकायला थांबलो असतो का?

दुपारी पियेन्झात पोचलो तर दुकानांची दारं लागत होती. आम्ही पुणेकर, आणि एक ते चार बंद म्हणून कुरकुरणारेही आम्हीच! पण गाव बघायला दुकानं लागत नाहीत. इथे जन्मलेला एक मुलगा १४५८ मध्ये 'पायस दुसरा' (इटालियनमध्ये पियो) या नावाने पोप झाला. आपल्या खेड्याचं त्याने आदर्श नगर करायला घेतलं, नावही बदलून स्वतःचं दिलं, आणि १४६४ मध्ये वारला. काम अर्धवटच राहिलं. चर्चची मागची बाजू भुसभुशीत जमिनीवर आहे, ती खचते. आत तडे दिसतात. पण तटावरून समोर आमियाता डोंगर दिसतो तेव्हा त्याने जागेचा हट्ट का धरला ते कळतं.

संध्याकाळी बान्यो विन्योनीला गेलो. या गावाच्या चौकात फरसबंदी नाही, चक्क गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला बंदी आहे, पण तेच पाणी पुढे दगडी पाटांतून दरीकडे वाहतं. तिथे पाय सोडून बसलो. तासभर तरी कोणी मोबाईल काढला नाही. एक्सेलवाल्यानेही नाही.

आपण "युरोप केला" म्हणतो, चारधाम केलं तसं. मी हसत नाहीये. रजा दहा दिवसांची, पैसे साठवलेले, पुन्हा येणं होईल न होईल. माणूस यादी करणारच. पण माझं ठाम मत झालंय, रिकामा दिवस आधी बुक करावा, हॉटेलच्याही आधी. शेवटी ठेवला की त्यात कोणीतरी पिसा घुसवतंच.

रात्री अंगणात पिची खाल्ली, म्हणजे हाताने वळलेला जाडा पास्ता, लसूण मजबूत. जेवण झाल्यावर एक्सेलवाल्याने लॅपटॉप उघडला. मी वाकून बघितलं. त्या तारखेपुढचं फ्लॉरेन्स खोडून त्याने लिहिलं होतं : "बसणे - डन."