मेळाव्यात ५० ओळखींची सक्ती कशाला?

महिनाभरापासून बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. खरेदीदारांच्या मेळाव्यात पहिल्या तासात ५० जणांशी हात मिळवा, ५० कार्डं वाटा. अंतर्मुख माणूस धंद्यात मागेच राहतो. भीती हा मनाचा खेळ आहे, दुर्लक्ष करा. आणि शेवटी, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गटातल्या एका पोरीनं हे वाचलं आणि अकोल्याच्या मेळाव्याला यायलाच नकार दिला. "ताई, माह्याच्यानं ५० लोकायसंग बोलणं नाही होत. तुमीच जा." तूर दाताखाली धरून ओलावा सांगणारी ही पोरगी. तिच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ५० चा आकडा. आम्ही पीकेव्ही मिनी डाळ मिलवर, म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेल्या छोट्या यंत्रावर, तुरीची डाळ काढतो. खरेदीदार विचारतो, महिन्याला किती क्विंटल द्याल? डाळ पॉलिशची की बिनपॉलिशची? तुकडा किती? एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या परवान्याचा, नंबर आहे का? पैसे किती दिवसांनी चालतील? एवढं बोलायलाच पंधरा मिनिटं जातात. मागच्या मेळाव्यात मी तिघांशी बोलले. त्यातल्या एकाकडे आजही आमची डाळ जाते.

घराबाहेर पडावं लागतं, हे मात्र खरं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की नव्या संधीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. पण तोंडओळखही एकेकाशीच होते. आपल्या गावात कोणी स्वतःहून 'मी अमुक' म्हणत पुढं येतं का? लग्नाच्या मांडवात एखादे काकाजी 'ही अमक्याची सून' म्हणून सांगतात, मग बोलणं सुरू होतं. मेळाव्यातही तसंच करावं. कृषी सहायक किंवा ओळखीचा दुकानदार गाठायचा आणि म्हणायचं, "भाऊ, त्या डाळवाल्यासंग ओळख करून द्या ना."

अंतर्मुख म्हणजे भित्रा, हे तर साफ चुकीचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये हा भेद मांडला तो मनाचा ओढा आत की बाहेर, यावरून. चारचौघांत छाती धडधडणं ही वेगळी गोष्ट. ती बोलक्या माणसालाही होते, आणि कित्येक अबोल माणसांना होतही नाही.

सगळ्यात जास्त नुकसान 'दुर्लक्ष करा' या सल्ल्यानं होतं. तोंड कोरडं पडलं की लक्ष आपोआप स्वतःकडे वळतं. आवाज कापतोय का, साडी नीट आहे का, लोक काय म्हणत असतील. मग आपण मोबाईलमध्ये डोकं घालतो किंवा जेवणाआधीच बस गाठतो. बसमध्ये बरं वाटतं, आणि इथंच घात होतो. पळालो म्हणून वाचलो, असं मन धरून बसतं, पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. म्हणून थोडा वेळ थांबायचं, धडधड हळूहळू उतरते. श्वास सावकाश सोडायचा. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून एकच प्रश्न विचारायचा, जसं "यंदा माल कुठून घेता?" उत्तर आलं की त्यातूनच दुसरा प्रश्न निघतो. मी सकाळी लवकर पोचते. मंडप रिकामा असतो, लोक एकेक करून येतात, गर्दी अंगावर येत नाही.

आणि सगळे आपल्याकडेच पाहतात, असं वाटतं तेवढं कोणी पाहत नसतं. २००० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. ओळखलं होतं सुमारे चौथाई लोकांनी.

पण भीतीपायी बाजार, बँक, ग्रामसभा सगळंच सुटत असेल, महिनोन्‌महिने तेच चाललं असेल, तर ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं.

त्या पोरीला मी सांगितलं, तू दोघांशीच बोल, तेही माझ्यासोबत उभी राहून. प्रश्न तिनं वहीत लिहून ठेवलेत. पहिला ओलाव्याचाच आहे.