बिल नंबर कुठंय?

शनिवारी संध्याकाळी अंबड एमआयडीसीतून सुटलेली आमची मंडळी कट्ट्यावर टेकतात. परवा आमच्यातला भाऊ आला तोच तापलेला. टर्निंगची, म्हणजे लेथवरची कामं घेणारं त्याचं छोटं वर्कशॉप आहे. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाला, "वाच. ऑफिसातल्या नव्या पोरीनं लिहिलंय. बी.कॉम. आहे, फर्स्ट क्लास."

थकलेल्या बिलाच्या वसुलीचं पत्र होतं. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय विनंती करण्यात येते की..." अशा चौदा ओळी. शुद्धलेखन चोख, पण बिल नंबर नाही, तारीख नाही, रक्कम नाही. पार्टीनं चार दिवसांनी उलट विचारलं, "कुठलं बिल?"

"मास्तर, हेच शिकवता का रे तुम्ही?"

मास्तर ज्युनिअर कॉलेजात कॉमर्सला आहे. त्याला लागलं ते. "बारावीच्या 'चिटणिसाची कार्यपद्धती' या विषयात कंपनीनं सभासदांना, कर्जरोखेधारकांना, ठेवीदारांना लिहायची पत्रं आहेत. तुझी वसुली त्यात नाही. पण 'विषय' आणि 'संदर्भ' आम्हीच शिकवतो ना? संदर्भात बिल नंबर टाकायचा, हे तू तिला सांगितलंस?"

भाऊ गप्प झाला. मला मास्तरचं पटलं, पण अर्धंच. 'संदर्भ' ही पुस्तकातली सगळ्यात कामाची ओळ आहे. पण वर्गात पोरांच्या हातात खरं बिल कधी देतात? तिथं मनचा आकडा टाकला तरी मार्क मिळतात. मी कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदी विभागात बसतो. ज्या मेलमध्ये पीओ नंबर, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरचा नंबर नसतो, तो बाजूला पडतो. मुद्दाम नाही, शोधायला वेळच नसतो म्हणून.

तिथंच बसून आम्ही पत्र नव्यानं लिहिलं. "विषय : बिल क्र. 118, रु. 84,960 येणे बाकी. माल 14 जूनला पोचला, सही-शिक्क्याचं चलन सोबत जोडलं आहे. ठरलेली 45 दिवसांची मुदत 29 जुलैला संपली. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील, ते कळवावं."

खरा वाद पुढे पेटला. भाऊचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी नेता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेटच्या (व्याजदराच्या) तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. मी म्हटलं, व्याजाची ओळ टाकच. भाऊ म्हणाला, "पुढच्या महिन्याची ऑर्डर तुझा बाप देणार का?"

मास्तरनं मोबाइल घेतला, शेवटच्या वाक्याआधी 'कृपया' घातलं आणि म्हणाला, "व्याज दुसऱ्या पत्रात. आधी तारीख येऊ दे."

भाऊनं तसंच पाठवलं. मला अजूनही वाटतं, व्याजाची ओळ पहिल्याच पत्रात हवी होती.