तिठ्यावरचा बॅनर आणि तात्यांची वही

आज सकाळी पेन्शनच्या कामासाठी तालुक्याला जायचे होते म्हणून सव्वासातच्या एसटीसाठी तिठ्यावर उभी होते. समोरच्या खांबावर नवाकोरा बॅनर बांधलेला होता. त्यावर आमचे जुने लोकप्रतिनिधी तात्या यांच्या मुलाचा माणसाएवढा फोटो, वरच्या कोपऱ्यात तात्यांचा टिकलीएवढा, आणि खाली लाल अक्षरांत 'तात्यांचे वारसदार, आपले भावी जिल्हा परिषद सदस्य'. तात्यांनी देवळाच्या सभामंडपात यापुढे कोणत्याही निवडणुकीला उभे राहणार नसल्याचे सांगितले ते काल संध्याकाळी सात वाजता. आमच्या बाजारात रात्रीतून बॅनर छापून मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणजे तात्या माईक हातात धरून पंच्याने डोळे पुसत होते, तेव्हा हा बॅनर कुणाच्या तरी पडवीत गुंडाळून तयार होता. मला खरा राग आला तो याचा. एसटी आली, मी बसले, पण तालुक्यापर्यंत माझे मन त्या खांबापाशीच होते.

तात्या 1992 साली पहिल्यांदा जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्यानंतर गटाचे, म्हणजे आमच्या जिल्हा परिषद मतदारसंघाचे, आरक्षण फिरले तेव्हा ते पंचायत समितीच्या गणातून उभे राहिले, पुन्हा गट खुला झाला तेव्हा जिल्हा परिषदेत गेले, आणि मार्च 2022 मध्ये मुदत संपून प्रशासक आल्यावर हातात कोणतेही पद नसतानाही दर मंगळवारी पिशवीत वही घालून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. इतक्या वर्षांनी रिकाम्या होणाऱ्या जागेवर कोण बसणार, हा प्रश्न आम्हा सर्वांचा आहे आणि तो आम्हाला विचारला गेला पाहिजे.

ही वही मी पहिल्यांदा पाहिली ती जुलै 2005 मध्ये. त्या पावसाने कोकणात काय केले ते वेगळे सांगायला नको. आमच्या शाळेत पलीकडच्या वाडीतून अकरा मुले माडाच्या दोन खोडांच्या साकवावरून येत असत. त्या आठवड्यात वहाळ फुगला आणि साकव गेला. तिसऱ्या दिवशी मी अलीकडच्या काठावर उभी होते, पलीकडे मुले आणि त्यांच्या आया, आणि मध्ये लाल पाण्याचा असा आवाज की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येऊ नये. तात्या चिखलातून चालत आले. छत्री मानेत अडकवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली, पेन्सिल ओलीच होती ती शर्टाच्या आतल्या बाजूला पुसली, आणि मला प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता आणि वय विचारायला सुरुवात केली. मी म्हटले, "तात्या, साकव गेला एवढे लिहिले तरी पुरे ना?" त्यावर ते म्हणाले, "बाई, नुसती 'गैरसोय होते' म्हणान लिवलंय तर साहेब कागद बाजूक ठेवतलो. अकरा नावां लिवलंय तर तेका ती वाचूची लागतली."

वारसा म्हणतात तो मला तरी या एका वाक्यातच दिसतो.

आता मला सकाळपासून तीन फोन आले आहेत. पहिल्याचे म्हणणे असे की तात्यांच्या घरातच उमेदवारी राहिली नाही तर मते फुटतील. दुसऱ्याचे म्हणणे, लोक नाव बघून मत देतात. तिसरा म्हणाला की बाई, तुम्ही निवृत्त शिक्षिका, तुम्ही यात कशाला पडता. मते फुटू शकतात हे मला मान्य आहे, त्याबद्दल वाद घालत नाही. बाकीच्या दोघांना माझे एवढेच सांगणे आहे की आपल्याकडे देवळाचे मान घराण्याने चालतात, पालखीला पहिला खांदा कुणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि कुणाचा बाप गेला की कलमांची बाग वारस नोंदीने मुलांच्या नावावर चढते. ते सारे आपण मानतो आणि मानत राहू. पण जिल्हा परिषदेच्या जागेचा सातबारा नसतो. ती जागा तात्यांच्या नावावर कधीच नव्हती. दर पाच वर्षांनी ती आमच्याकडे परत येत होती आणि ते उभे राहिले त्या प्रत्येक वेळी आम्ही ती त्यांना नव्याने देत होतो. त्यांच्या नावावर जे नव्हतेच, त्याला वारस लागेल कसा?

माझे वडील 1971 ची गोष्ट फार अभिमानाने सांगत. बॅरिस्टर नाथ पै आपल्या वेंगुर्ल्याचे, राजापूर मतदारसंघातून 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा लोकसभेवर गेलेले, आणि 18 जानेवारी 1971 रोजी निवडणूक तोंडावर असताना बेळगावला अकाली गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. कोकण अक्षरशः पोरके झाले होते. त्या वेळी समाजवाद्यांनी नाथ पैंच्या जागी उभे केले ते मधु दंडवते यांना. ते अहमदनगरचे, मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक, ना इथले घर, ना इथले नाते. देशभर इंदिरा गांधींची लाट असताना आपल्या लोकांनी त्यांना निवडून दिले आणि पुढे 1989 पर्यंत, तेव्हाची धरून सलग पाच वेळा, देत राहिले. दंडवते हेही वरून ठरवलेले उमेदवार होते, गावागावांत विचारून ठरवलेले नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे. आणि 1991 मध्ये याच मतदारांनी त्यांना पाडले, तेही खरे. पण वडील सांगत की 1971 च्या त्या प्रचारात माणसे एकमेकांना एकच गोष्ट विचारत होती : नाथसारखे काम हा माणूस करील का? आपल्या तिठ्यावरच्या बॅनरवर कामाबद्दल एक अक्षरही नाही. आज जे वारसा हा शब्द छापतात त्यांच्या आजोबांनी नाते न बघता काम बघून माणूस निवडून दाखवला आहे, त्याच मातीत, त्याच गावांत.

तात्यांच्या मुलाविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. तो माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला आहे, स्वभावाने सरळ आहे, आणि मुंबईत राहतो म्हणून त्याला परका म्हणण्याचा अधिकार ज्या कोकणातली निम्मी घरे मुंबईच्या पैशावर उभी राहिली त्या कोकणाला नाही. घराण्यात जन्मला म्हणून कुणी नालायक ठरत नाही. त्याने उभे राहावे. पण चतुर्थीला आणि शिमग्याला येणाऱ्या माणसाला, पलीकडच्या वाडीत नळपाणी योजनेची टाकी बांधून झाली तरी पाणी का चढत नाही, हे सांगता आले पाहिजे. सभेत उभे राहून त्याने ते सांगितले तर मी टाळी वाजवीन.

आणि ज्या बाईला ते सांगता येते तिचे नाव काल कुणाच्याही तोंडी आले नाही. पलीकडच्या काठावर त्या दिवशी ज्या आया उभ्या होत्या, त्यांतलीच ती एक. तिच्या दोन मुली त्या अकरा नावांत होत्या. तात्यांना मोतीबिंदूमुळे दिसेनासे होऊ लागले तेव्हापासून वही तीच लिहिते. कुणाचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला आहे, कुणाच्या गोठ्याचे अनुदान का परत गेले, कोणत्या रस्त्याला मंजुरी आहे पण निधी नाही, हे ती वही न उघडता सांगते. प्रशासकाच्या काळात तात्यांचा हात धरून मंगळवारी एसटीत चढणारी तीच होती. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि तरीही जागा खुली असेल तर तिचा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही, आणि जागा स्त्रियांसाठी निघालीच तर बॅनरवरचा फोटो तेवढा बदलेल आणि मुलाच्या जागी सूनबाई येतील. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे. ज्या बाईने इतकी वर्षे चिखल तुडवला तिने कालच्या सभेत काय केले? तिने चहा दिला. मी स्वतः तिच्या हातचा कप घेतला आणि त्या क्षणी माझ्याही काही लक्षात आले नाही, याची मला लाज वाटते.

साकव 2009 मध्ये झाला, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठड्याचा. चार वर्षे कागद एका कचेरीतून दुसरीत फिरत होता. काम पुरे झाल्यावर तात्या नारळ न फोडता एकटेच शाळेत आले, व्हरांड्यात बसले, वहीतले ते पान काढले आणि अकरा नावे एकेक करून वाचत मला विचारत गेले की हा आता कुठे आहे, ही आता कितवीत आहे. सात मुले तोवर आमच्या शाळेतून पुढे गेलेली होती. त्यांनी प्रत्येक नावापुढे ते कुठे गेले ते लिहिले आणि मगच पान उलटले.

तात्या, ही पोस्ट कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही मुलाचे नाव घेतलेले नाही हे मी काल कान देऊन ऐकले आहे, आणि बॅनर तुम्हाला विचारून लागला असेल असे मला वाटत नाही. पण तुमचे गप्प राहणे लोक होकार समजतील. पक्षाने वरून नाव पाठवण्याआधी तुम्हीच गटातल्या सगळ्या वाड्यांची बैठक बोलवा. उभे राहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला बोलू द्या, मुलालाही आणि तिलाही. मध्ये वही ठेवा, आणि त्यातले कोणतेही पान उघडून ते काम पुढे कसे नेणार हे प्रत्येकाला विचारा. त्यानंतर लोक ज्याला म्हणतील त्याच्या प्रचाराला मी या वयात दारोदार फिरेन, तो तुमचा मुलगा असला तरीही.

रविवारी दुपारी चार वाजता मी तात्यांच्या घरी हे समक्ष सांगायला जाणार आहे. पलीकडच्या वाडीतल्या चार बायका माझ्याबरोबर आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेतीनला साकवापाशी थांबावे.