बाटली दिली, पण प्यायली का?

२०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने बोर्नव्हिटासारखी पेयं ऑनलाइन दुकानांच्या ‘हेल्थ ड्रिंक’ यादीतून काढायला लावली. मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रोटीन पावडरी टाळा म्हणून सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दवाखान्यातली म्हातारी माणसंही त्याच वादात ओढली गेली. मामीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पावडरचा डबा लिहून दिला, की लगेच एकाचं ‘सगळा कंपन्यांचा धंदा’ आणि दुसरीचं ‘त्यापेक्षा तूप घालून पेज द्या’.

धंदा आहेच. पण तो सल्ला धडधाकट माणसांसाठी होता. हाड मोडून पडलेल्या, अंगावरचे कपडे सैल झालेल्या ऐंशीच्या बाईचं पोट चार घासांत भरतं, आणि पेजेत प्रोटीन ते किती!

मी इंग्लंडमध्ये एका सरकारी रुग्णालयात जेवणाच्या वेळी मदतनीस म्हणून जाते. इथे पेशंटची उंची, वजन आणि अलीकडे घटलेलं वजन बघून कुपोषणाचा धोका गुणांत मांडतात. ‘मस्ट’ नावाची ही पद्धत २००३ पासून आहे. गुण जास्त आले की तयार पोषक पेयाच्या बाटल्या सुरू. घट्ट प्रकारच्या १२५ मिलीच्या बाटलीत ३०० कॅलरी असतात.

कागदावर सगळं चोख. बाटली मात्र चाकांच्या टेबलावर, आणि टेबल पलंगाच्या पायथ्याशी. वाताने बोटं वाकडी झालेल्या आजींना झाकण उघडत नाही. उघडून दिलं तर आत कोमट, गोडमिट्ट व्हॅनिला. संध्याकाळी उरलेली बाटली सिंकमध्ये जाते आणि तक्त्यावर ‘दिली’ अशी खूण होते. २०१२ च्या एका आढाव्यात, ४६ अभ्यास मिळून, रुग्णालयातल्या पेशंटांनी ठरलेल्या मात्रेपैकी सरासरी ६७ टक्के घेतल्याचं दिसलं, तर घरी राहणाऱ्यांनी ८१. आमच्या वॉर्डात ६७ म्हणजे चैनच.

उपाय साधे आहेत. चव विचारा, फ्रिजमधून गार काढून द्या, जेवणाच्या तोंडावर देऊ नका. काही ठिकाणी गोळ्यांच्या फेरीबरोबर ६० मिली औषधासारखं हातात देतात. एक गुजराती बा बाटलीला हात लावायच्या नाहीत. स्टीलच्या पेल्यात ओतून शेजारी बसलं की गप्पा मारत संपवायच्या. पण बसायला माणूस कुठून आणायचा? नर्सना श्वास घ्यायला फुरसत नाही.

आपल्याकडे तो माणूस पलंगाशेजारी रात्रंदिवस बसलेला असतो आणि त्याला कुणी काही सांगत नाही. डबा महाग, म्हणून तो पुरवायला पावडर कमी, पाणी जास्त. ग्रुपवर भांडायचंच तर यावर भांडा. किती चमचे, किती पाण्यात, दिवसातून कितीदा, साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर कोणता डबा, हे सिस्टरनी मामीच्या सुनेला लिहून द्यावं. सुनेने रोज किती पोटात गेलं ते वहीत टिपावं, आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ती वही मागावी.