ब्रायटनचे ३६५ पब: एका लाडक्या दाव्याला उत्तर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहराबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय. लंडनहून एका दिवसाच्या सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या गप्पांतही तो ऐकू येतो. थोडक्यात असा: 'ब्रायटनमध्ये एके काळी वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असे ३६५ पब होते. त्यांच्या तळघरांतून चोरट्या मालाचे बोगदे थेट राजवाड्यापर्यंत जात. २००७ च्या धूम्रपानबंदीनं ते बंद पाडले, आणि आता त्यांचा मागमूसही उरलेला नाही.'

शहानिशा केली तर यातलं एकही वाक्य टिकत नाही. सगळ्यात घातक आहे ते शेवटचं, कारण ते ऐकून माणूस शोध घ्यायलाच जात नाही. हे पब चालवणाऱ्यांची, त्यात नवऱ्यामागे परवाना स्वतःच्या नावावर करून घेणाऱ्या विधवाही आल्या, नावं कागदावर आहेत. ती कोणी वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

आधी ३६५ चं बघू. इंग्लंडातलंच नॉरिच शहरही स्वतःबद्दल हेच सांगतं, वर 'दर आठवड्याला एक चर्च' अशी जोडही देतं. कॅलेंडरातून आलेला आकडा कुठेही चिकटवता येतो. ब्रायटनपुरतं विचारायचं, तर ३६५ नेमके कोणत्या साली? १७८३ मध्ये युवराज जॉर्ज इथे पहिल्यांदा आला, तेव्हा हे लहानसं गाव होतं. १८०१ च्या जनगणनेत वस्ती सात हजारांच्या आसपास. १८४१ मध्ये लंडनची रेल्वे आली आणि १८५१ पर्यंत वस्ती पासष्ट हजारांवर गेली. इतक्या झपाट्यानं वाढणाऱ्या शहराला पबचा एकच आकडा कसा लावणार?

शिवाय मोजायचं तरी काय? १८३० च्या बिअरहाउस कायद्यानं कर भरणाऱ्या कोणत्याही घरमालकाला दोन गिनी, म्हणजे दोन पौंडांहून थोडे जास्त, भरून बिअर विकायची मुभा दिली. दंडाधिकाऱ्यांची परवानगीही लागत नव्हती. पहिल्या काही महिन्यांतच देशभर चोवीस हजारांच्या वर असे परवाने निघाले. कोणी घराची पुढची खोली मोकळी केली, दोन बाकं टाकली, मागे पिंप ठेवलं, झाला धंदा सुरू. जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत, म्हणजे धंदेवाल्यांच्या छापील नाव-पत्त्यांच्या याद्यांत, अशा जागेला बहुतेकदा नावच नसतं. माणसाचं नाव, रस्ता, घर क्रमांक आणि पुढे 'बिअर रिटेलर', एवढंच. पाट्या मोजणाऱ्याच्या यादीतून ही घरं सुटतात. सगळी धरली तर आकडा भलतीकडे जातो.

उलटी चूकही होते. ब्लॅक लायन स्ट्रीटवरचा आजचा 'द क्रिकेटर्स' अठराव्या शतकात 'द लास्ट अँड फिशकार्ट' होता. नावांवरून यादी करणारा एका पबचे दोन करून ठेवतो. त्यातच रस्त्यांना नवे घर क्रमांक मिळाले की एकच कोपरा दोन ठिकाणी दिसू लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नावाच्या मागे न लागता परवान्याचा आणि इमारतीचा माग काढावा.

बोगद्यांबद्दल फार बोलायला नको. रॉयल पॅव्हेलियनखाली, म्हणजे पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांचं इस्पितळ झालेल्या त्याच राजवाड्याखाली, एक भुयार खरंच आहे. ते बागेखालून जुन्या पागांकडे, आजच्या 'डोम' सभागृहाकडे जातं. लोकांनी त्याला फाटे फोडले. कोणी ते 'क्रिकेटर्स'पर्यंत नेतं, कोणी 'ड्रुइड्स हेड' या पबपर्यंत, कोणी युवराज जॉर्जनं गुपचूप लग्न केलेल्या मिसेस फिट्झहर्बर्टच्या घरापर्यंत. ससेक्सच्या किनाऱ्यावर चोरटा व्यापार जोरात होता हे खरं, पण त्याची भरभराट अठराव्या शतकातली. १८२२ मध्ये चोरटा माल रोखायला कोस्टगार्ड, म्हणजे किनाऱ्यावरचं पहारा दल, उभं राहिलं. १८३० नंतर उघडलेल्या असंख्य बिअरहाउसांना बोगदा कशाला लागणार होता? तळघर लागायचं ते बिअर थंड राहावी म्हणून, आणि रस्त्यालगतचं झाकण असायचं ते पिंपं आत उतरवायला.

आता धूम्रपानबंदी. १ जुलै २००७ ला ती इंग्लंडभर लागू झाली आणि काही पबांना तिचा फटका बसला, हे मान्य. पण ब्रायटनच्या हरवलेल्या पबांपैकी कितीतरी त्याच्या शंभर वर्षं आधीपासून जायला लागले होते, आणि बऱ्याच वेळा ते ठरवून घालवले गेले.

१८६९ च्या कायद्यानं बिअरहाउसं पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाताखाली आली. मग १९०४ चा परवाना कायदा आला. एखाद्या भागात पब जास्त झालेत एवढ्या कारणावरून, मालकाचा काही दोष नसताना, परवाना काढून घेता येऊ लागला. त्याची भरपाई मिळे आणि त्यासाठीचा पैसा उरलेल्या पबांवर आकार बसवून उभा केला जाई. १९१५ पासून युद्धाच्या नावाखाली विक्रीचे तास कापले गेले. १९३० च्या दशकात ब्रायटनच्या कार्लटन हिल भागातल्या गरीब वस्त्या पाडल्या, तेव्हा गल्ल्यांबरोबर त्यांच्या कोपऱ्यांवरचे पबही गेले. साठच्या दशकात चर्चिल स्क्वेअर या बाजारसंकुलासाठी पुन्हा जुने रस्ते गेले. १९८९ च्या 'बिअर ऑर्डर्स' या सरकारी आदेशांनी मोठ्या मद्य कंपन्यांना दोन हजारांच्या वरचे बरेच पब सोडायला लावले आणि ते, मद्य न बनवता नुसते पब बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांकडे गेले. त्यांच्यासाठी इमारतीची किंमत हाच मोठा हिशेब होता. हे सगळं एका सिगारेटच्या नियमावर ढकलणं म्हणजे गोरगरिबांच्या वस्त्या कोणी आणि का उठवल्या, हा प्रश्नच गिळून टाकणं.

आणि हे ठरवून केलेलं असल्यामुळेच 'मागमूस उरला नाही' हे खोटं ठरतं. सरकारला एखादी गोष्ट बंद करायची असली की सरकार आधी तिचं वर्णन लिहून घेतं. १९०४ नंतरच्या भरपाईच्या सुनावण्यांत त्या पबच्या आसपास आणखी किती पब आहेत, ते किती अंतरावर आहेत, आठवड्याला किती पिंपं खपतात, असले तपशील मांडले जात. सुनावण्यांच्या बातम्याही छापून येत. स्थानिक वृत्तपत्रांपैकी 'ब्रायटन हेरल्ड' १८०६ पासूनचा, 'आर्गस' १८८० पासूनचा. १९१० च्या कायद्याखाली देशभर मालमत्तांचं मूल्यांकन झालं. त्याच्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत मालक, भाडेकरू, कित्येकदा खोल्यांचं वर्णनही सापडतं. ईस्ट ससेक्सची दप्तरं २०१३ पासून ब्रायटनच्या कडेला 'द कीप' या दप्तरखान्यात वाचायला मिळतात. डिरेक्टऱ्या तर १८०० पासूनच्या. १८४१ ते १९२१ च्या जनगणनेच्या याद्या खुल्या आहेत. त्यांत पबमालकाखाली बायको, मुलं, मोलकरीण, भाडेकरू अशी घरातली सगळी माणसं ओळीनं येतात. खरी पोकळी त्यानंतरची आहे: १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला केलेली १९३९ ची लोकांची नोंदवही कामाला येते.

विटांमध्येही खुणा आहेत. कोपरा तिरका कापून बसवलेलं दार, खालच्या मजल्यापुरत्या चकचकीत फरशा, फुटपाथवरचं झाकण. ओल्ड स्टाइन या चौकाजवळची 'कॅसल इन' ही सराई केव्हाच गेली, पण तिचं नृत्यदालन चौथ्या जॉर्जनं, म्हणजे आधीच्या युवराजानं, विकत घेऊन राजवाड्याचं प्रार्थनागृह केलं. ते तिथून उचलून १८५१ मध्ये मॉन्टपीलियर प्लेसवर सेंट स्टीफन्स चर्च म्हणून पुन्हा उभारलं गेलं. पुढे तिथे बेघर लोकांसाठी दिवसाचं केंद्र सुरू झालं.

हाच दावा सांगणारे शेवटी हमखास म्हणतात, 'गेलेला पब परत येत नाही.' पण ब्रायटनमधल्याच बेव्हेंडीनच्या वसाहतीतला पब २०१० मध्ये बंद पडला होता. शेकडो रहिवाशांनी आणि हितचिंतकांनी शेअर घेतले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो 'द बेव्ही' या नावानं लोकांच्याच मालकीचा होऊन उघडला.