‘तुमचे बदल जपले जातील’ म्हणे!

सकाळी लिनक्सवर लॉगिन केलं, बँकेचं स्टेटमेंट उतरवलं आणि ते डाउनलोड्सऐवजी थेट होममध्ये, म्हणजे माझ्या मुख्य फोल्डरमध्ये, जाऊन पडलं. बघतो तर साइडबारमधून डाउनलोड्सच गायब!

एसएसडी, म्हणजे मुख्य डिस्क, भरत आली म्हणून मी डाउनलोड्स दुसऱ्या डिस्कवर हलवला होता. आता लिनक्समध्ये हे करायचं म्हणजे लपलेल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरमध्ये शिरायचं, ‘यूजर-डर्स डॉट डर्स’ नावाची, अशा फोल्डरांचे पत्ते ठेवणारी फाइल उघडायची (हे बारसं कुणी केलं, त्याला एकदा बघायचंय) आणि हाताने पत्ता बदलायचा. बदलला. गुण्यागोविंदाने चाललंही होतं. आज ती डिस्क माउंट व्हायला (जोडली जायला) जरा उशीर झाला, तेवढ्यात लॉगिनला चालणारा, ही फाइल अपडेट करणारा तो आगाऊ प्रोग्रॅम आला, त्याला फोल्डर दिसला नाही, आणि माझी ओळ खोडून तिथे होमचा पत्ता लिहून गडी मोकळा! विचारणं नाही, सांगणं नाही. अरे, दोन सेकंद थांबला असतास तर काय बिघडलं असतं? नंतर डिस्क आली, पण ओळ गेली ती गेलीच. आणि त्याच फाइलच्या डोक्यावर इंग्रजीत ठसठशीत लिहिलंय, तुम्ही केलेले सगळे बदल पुढच्या वेळीही राखले जातील. राखले! राख केली म्हणा.

हवं ते असं जातं आणि नको ते हलत नाही. म्युझिक, व्हिडिओज साइडबारमध्ये वर ठाण मांडून. माझ्याकडच्या आवृत्तीत राइट क्लिक केलं की ‘रिमूव्ह’ राखाडी. रोज लागणारे माझे फोल्डर त्यांच्या खाली. टेम्प्लेट्स हा नमुना फायलींचा फोल्डर रिकामा असेल तर मेनूत ‘न्यू डॉक्युमेंट’ येतच नाही, हे माणसाने स्वप्नात बघायचं का? मध्ये हौसेने भाषा मराठी केली, तर फोल्डरांची नावंही बदलू का म्हणून विचारलं. हो म्हटलं. मग टर्मिनलमध्ये, जिथे कमांड टाइप करायच्या, तिथे फोल्डरात शिरायच्या प्रत्येक ‘सीडी’ कमांडला इंग्रजी-मराठी कीबोर्ड बदलत बसलो.

बायको म्हणाली, सर्चमध्ये नाव टाक की. काय टाकू? ज्या डाउनलोड्ससाठी एवढा गळा काढतोय, त्यात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हीच फायनल’ सुखाने नांदतायत.

असो. तो प्रोग्रॅम गप्प करायला अजून एक फाइल बनवून तिच्यात ‘एनेबल्ड=फॉल्स’, म्हणजे ‘चालू नको’, टाकलंय. आणि व्हिडिओजला साइडबारमधून हाकलायची अधिकृत रीत माहितीये? त्याचा पत्ता होमवर वळवायचा. म्हणजे माझा डाउनलोड्स जसा उडाला, अगदी तस्संच!